रक्ततपासणीचे जुने कागद जाळू नका

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागातला शेतकरी वर्तमानपत्रात सर्वांत आधी काय बघतो, तर इटियाडोहचा जलसाठा. आज किती टक्के, काल किती होता, गेल्या वर्षी याच दिवशी किती होता. अर्जुनी-मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत ज्यांच्या बांध्यांना या धरणाचे पाणी लागते, त्यांना नुसता ‘साठ टक्के’ हा आकडा पुरत नाही. साठ टक्के चढता की उतरता, हे कळल्याशिवाय रोवणीचे गणित बसत नाही. हा विचार आमच्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. पण तोच माणूस रक्ततपासणीचा कागद हातात आला की एवढेच विचारतो, ‘‘डॉक्टरसाहेब, नॉर्मल आहे ना?’’ आणि डॉक्टर ‘हो’ म्हणाला की कागदाची घडी खिशात जाते, पुढे ती चुलीत जाते किंवा धुण्याच्या बादलीत विरघळते.

वाचकहो, हा दोष केवळ रुग्णाचा नाही. आज मी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगणार आहे.

इटियाडोहच्या कालव्याखाली चार एकर धान पिकवणारा एक गृहस्थ २०१७ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला होता. वय पंचेचाळीस, अंगकाठी सडसडीत, पोट म्हणाल तर सपाट. थोडे चालले की दम लागतो अशी तक्रार होती. मी छाती तपासली, रक्तदाब बघितला, ई.सी.जी. काढला, रक्त तपासायला पाठवले. ई.सी.जी. ठीक होता. रक्ताचा कागद आला त्यात एकूण कोलेस्टेरॉल १७८ होते. छापील मर्यादा २०० च्या आतली. एल.डी.एल., म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते १०१. उपाशीपोटीची साखर १०८. एच.डी.एल. २९ आणि ट्रायग्लिसराइड २४० हे दोन आकडे ठळक छापले होते. ते मला दिसले नाहीत असे नाही, दिसले. पण माणूस शेतात राबणारा, अंगावर मांस नाही, मुख्य कोलेस्टेरॉल नॉर्मल. ‘‘भात थोडा कमी खा, काळजीचे कारण नाही,’’ असे सांगून मी त्याला पाठवले. खर्रा खातो का, हेही विचारले नाही. दिवसाला पाच-सहा पुड्या लागत होत्या, हे पुढे कळले.

२०१८ च्या डिसेंबरात, धानाची चुरणी चालू असताना, त्याला हृदयविकाराचा झटका आला. आधी गोंदिया, तिथून नागपूर. स्टेंट बसला, माणूस वाचला. महिनाभराने नवराबायको दोघे दवाखान्यात आले. बाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात घरातले सगळे कागद कोंबलेले. सातबारा, बँकेचे पासबुक, मुलीचा जातीचा दाखला आणि त्यातच दवाखान्याची चिठ्ठीचपाटी. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, हे जुने रिपोर्ट आता जाळून टाकू का? नागपूरच्या डॉक्टरांनी नवीन दिले आहेत.’’

मी ते टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. एक २०१३ चा, गावातल्या शिबिरातला. दुसरा २०१५ चा, हर्नियाच्या ऑपरेशनच्या आधीचा. तिसरा माझा. एकूण कोलेस्टेरॉल १७१, १७४, १७८. एल.डी.एल. १०३, १०२, १०१. कोणत्याही डॉक्टरला दाखवा, काही फरक नाही असेच म्हणेल. पण बाकीच्या ओळी बघा. एच.डी.एल. ३८, मग ३४, मग २९. ट्रायग्लिसराइड १४८, मग १९०, मग २४०. उपाशीपोटीची साखर ९२, ९९, १०८. चार वर्षे तीन आकडे एकाच दिशेने सरकत होते. ती दिशा तीन कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसणारी नव्हती, आणि ते शेजारी ठेवण्याचे काम कोणी केले नाही. मीही नाही. जुने कागद आणा, एवढे मी म्हटले असते तरी पुरे होते.

आता हे आकडे काय सांगतात ते नीट समजून घेऊ.

चरबी पाण्यात विरघळत नाही हे आपण स्वयंपाकघरात बघतोच. रक्त हे बहुतांशी पाणीच. त्यामुळे शरीराला चरबी इकडून तिकडे न्यायची असेल तर ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून गोळ्यागोळ्यांनी पाठवावी लागते. एल.डी.एल. हा त्यातला एक प्रकारचा गोळा. तो जास्त झाला की हृदयाच्या रोहिणीच्या अस्तरात शिरून बसतो, तिथे सूज येते आणि वर्षानुवर्षे थर वाढत जातो. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. याला म्हणायचे हृदयविकाराचा झटका. पण अस्तरात शिरणारा एल.डी.एल. एकटाच नाही. ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या गोळ्यांचे उरलेसुरले अवशेषही तेच काम करतात. ज्याचे ट्रायग्लिसराइड जास्त, त्याच्या रक्तात हे अवशेष जास्त. शिवाय त्याचे एल.डी.एल.चे गोळे आकाराने लहान आणि संख्येने अधिक असतात. म्हणजे एल.डी.एल.चा आकडा १०१ दिसला तरी रक्तात फिरणाऱ्या घातक गोळ्यांची गर्दी त्याहून बरीच मोठी असू शकते. भुसा भरलेल्या पोत्याचे नुसते वजन बघून पोती किती ते सांगता येत नाही, तसे हे आहे.

यावर एक सोपा उपाय आहे, त्याला पैसा लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. वजा करा. उरते ते नॉन-एच.डी.एल. कोलेस्टेरॉल, म्हणजे रोहिणीला त्रास देणाऱ्या सगळ्या गोळ्यांतले मिळून कोलेस्टेरॉल. चौथीतल्या मुलाला येईल अशी वजाबाकी आहे. त्या गृहस्थाची करून बघा. २०१३ मध्ये १७१ वजा ३८, म्हणजे १३३. २०१५ मध्ये १४०. २०१७ मध्ये १४९. ‘नॉर्मल’ कागदाच्या पोटात हा आकडा चढत होता. साधारण निरोगी माणसाचे नॉन-एच.डी.एल. १३० च्या आत असावे असे मानतात. कित्येक प्रयोगशाळा हल्ली ही ओळ छापतात, पण न छापली तरी अडत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. बऱ्याच कागदांवरचे एल.डी.एल. प्रत्यक्ष मोजलेले नसते, हिशेबाने काढलेले असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. वजा करायचे, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. फ्रीडवाल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली हे सूत्र दिले. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की सूत्र कामाचे राहत नाही, आणि त्याच्या खाली असतानाही ट्रायग्लिसराइड जितके जास्त तितके एल.डी.एल. प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. आमच्या गृहस्थाचे १०१ असेच हिशेबातून आलेले होते.

‘पण माणूस तर बारीक होता!’ असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणालो होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला धक्का दिला आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आपली बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण मानाने जास्त असते, असे त्यातून दिसले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघेही शिडशिडीत, दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक नेमका २२.३. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात आतल्या अवयवांभोवती साचते, आणि मग कागदावर नेमके हेच चित्र उमटते. ट्रायग्लिसराइड जास्त, एच.डी.एल. कमी, साखर हळूहळू वर. एल.डी.एल. मात्र बेताचे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ नावाच्या अभ्यासातही दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांत एकोणसाठच्या आसपास, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणून विदेशी पुस्तकातला लठ्ठ, लालबुंद गालांचा हृदयरोगी डोळ्यांपुढे ठेवून धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाकडे बघू नये.

आता कागदावर छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेविषयी. ती मर्यादा सर्वांसाठी एकच छापलेली असते, पण प्रत्येकाचे लक्ष्य एक नसते. भारतातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे ज्याला काही धोका नाही त्याचे एल.डी.एल. १०० च्या आत, मधुमेह किंवा तत्सम मोठा धोका असेल त्याचे ७० च्या आत आणि ज्याला झटका येऊन गेला आहे त्याचे ५५ च्या आत असावे. नॉन-एच.डी.एल. या प्रत्येकात तीसने जास्त धरा. म्हणजे झटका आलेल्या माणसाच्या कागदावर एल.डी.एल. ९५ आले तर मशीन ते ठळक छापणार नाही, चांदणी लावणार नाही. पण त्याच्यासाठी तो आकडा नॉर्मल नाही. मशीनला रुग्णाचा इतिहास ठाऊक नसतो.

उलट, एखादा आकडा ठळक छापला म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. रक्तातले आकडे रोज थोडे हलतात. त्याच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल आठ-पंधरा दिवसांत पाच-सहा टक्के इकडेतिकडे होते, ट्रायग्लिसराइड तर वीस टक्के किंवा अधिक. काल १८०, आज १८८ याला वाढ म्हणू नये. मंडईच्या दिवसांत पाहुण्यारावळ्यांत चार दिवस मटण-पुरी झाली, वर मोहाची घेतली आणि पाचव्या दिवशी रक्त दिले तर ट्रायग्लिसराइड चढलेलेच येणार. मलेरिया, टायफॉइड, मोठे ऑपरेशन किंवा खुद्द झटक्यानंतर काही आठवडे कोलेस्टेरॉल खोटेच खाली येते. तापातून उठल्याबरोबर तपासणी केली आणि कोलेस्टेरॉल छान आले म्हणून पेढे वाटणारे मी पाहिले आहेत! आजार बरा झाल्यावर महिना-दीड महिना जाऊ द्या, मग तपासा.

उपाशीपोटी रक्त द्यावे की नाही, हा प्रश्न हमखास येतो. नुसत्या कोलेस्टेरॉलसाठी हल्ली उपास अनिवार्य मानत नाहीत. पण ट्रायग्लिसराइड जास्त आले तर तपासणी दहा-बारा तास उपाशी राहून पुन्हा करावी लागते, आणि उपाशीपोटीच्या साखरेला उपास लागतोच. उपाशी म्हणजे पाणी चालेल, चहा चालणार नाही. आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.त बसून तोंडात खर्रा धरून आलेल्या माणसाला मी उपाशी म्हणत नाही. माझे मत असे की एकदा उपाशी राहून तपासले असेल तर पुढेही तसेच तपासावे, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. तरच दोन कागदांची तुलना करण्यात अर्थ राहतो.

साखरेचे तर आपल्या भागात निराळेच प्रकरण आहे. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा अधिक दोनदा आले तर मधुमेह. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी हल्ली सर्रास करतात. तिच्यात ५.७ च्या आत ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह. पण ही तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण व वाहक पुष्कळ आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खरा आहे त्याहून कमी येतो. वाहकांच्या बाबतीतही काही मशीन चुकतात. उलट लोहाच्या कमतरतेने आलेल्या पंडुरोगात हाच आकडा फुगून येऊ शकतो. आपल्या किती आयाबहिणींना पंडुरोग आहे हे मी सांगायला नको. तेव्हा घरात सिकलसेल असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर रक्त देण्याआधी तसे सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर बघूनच निर्णय करा. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी हे सुचेलच असे नाही, तुम्ही सुचवायला लाजू नका.

आता वहीची गोष्ट. त्या बाईंना मी कागद जाळू दिले नाहीत. मुलीच्या शाळेची एक दोनशे पानी वही घेऊन तिच्यात त्यांनी रकाने पाडले. तारीख, एकूण कोलेस्टेरॉल, एच.डी.एल., वजाबाकी, ट्रायग्लिसराइड, उपाशी साखर, रक्तदाब, कमरेचा घेर. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढला, त्याला नाव दिले ‘काय चालू होते’. त्यात ‘रोवणी’, ‘ताप आला होता’, ‘पुतणीचे लग्न’, ‘खर्रा सोडून दोन महिने’ असल्या नोंदी असतात. मोठ्या दवाखान्याच्या फाइलीत मला एवढी उपयोगाची माहिती क्वचित मिळते.

त्या वहीतले एक पान मी मुद्दाम इथे देतो. झटक्यानंतर २०१९ च्या मार्चमध्ये एकूण ११८, एच.डी.एल. ३३, वजाबाकी ८५. गोळ्यांचा गुण उत्तम आला होता. मग २०२० च्या शेवटी एकदम १६९ आणि ३३, वजाबाकी १३६. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, ‘नॉर्मल आले म्हणून चार महिने गोळी बंद’. कोणी बंद करायला सांगितली असे विचारले तर गृहस्थ खाली बघून हसले. ही चूक इतकी सर्रास होते की ठासून सांगतो. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना आकडा खाली आला तर तो गोळीमुळे आला. गोळी थांबवली की तो थोड्याच आठवड्यांत मूळ जागी जातो. धरणाचे दार उघडे आहे म्हणून पातळी उतरली, तर दार बंद करून चालेल काय? गोळीने स्नायू दुखतात, यकृत बिघडते अशी भीती असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणी करा, मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. झटका येऊन गेलेल्या माणसाने मनाने गोळी सोडणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला आवतण आहे. त्या दिवशी पुन्हा चालू केलेली गोळी आजवर चालू आहे. गेल्या वेळचे एकूण ११२, एच.डी.एल. ३६, वजाबाकी ७६.

वारंवार रक्त काढण्याचा हव्यासही नको. औषध नवे सुरू केले किंवा मात्रा बदलली तर एक ते तीन महिन्यांत एकदा, मग सहा महिने ते वर्षाने. आहार बदलून बघायचा असेल तर तीन महिने द्यावेत. निरोगी तरुणाने एकदा तरी तपासून आकडा लिहून ठेवावा, पुढे तुलनेला तोच कामी येतो. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल तर ही तपासणी पुढे ढकलू नका. अशा घरात लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. तो आकडा बराचसा आनुवंशिक असतो, पुन्हा पुन्हा मोजावा लागत नाही. एल.डी.एल. १९० च्या वर आले तर घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासा, कारण ते बहुधा रक्तातूनच आलेले असते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात. लिपिड प्रोफाइलची सोय कुठे आणि कोणत्या दिवशी आहे, ते आशाताईंना विचारा.

आहाराबद्दल आज थोडेच. ट्रायग्लिसराइड आणि साखर चढती असेल तर आपल्याकडे पहिले कारण ताटातला भाताचा ढीग, दुसरे दारू. तूप सोडले आणि भाताचा ढीग तसाच ठेवला तर आकडा हलत नाही. ढीग निम्मा करा, उरलेल्या जागी वरण, लाखोळीची भाजी, धरणातला रोहू-कतला येऊ द्या, मात्र तळलेला नको. जवसाची चटणी आपली जुनी आणि चांगली. खर्रा सोडला की कागदावर मोठा फरक दिसेलच असे नाही, पण रोहिणीला दिसतो.

एक शेवटची सूचना. छातीत दडपल्यासारखे होणे, डावा हात किंवा जबडा भरून येणे, घाम सुटणे, अशा वेळी कोलेस्टेरॉल तपासायला जाऊ नका. तेव्हा हवा असतो ई.सी.जी. आणि तोही तासाभरात. मागच्या महिन्यात आलेला रिपोर्ट चांगला होता, हा त्या वेळी आधार नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि वही बरोबर घ्या.

(पुढील आठवड्यात : घरच्या घरी रक्तदाब कसा मोजावा)